पिवळ्या दोऱ्याची पुरचुंडी

तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी वन्सं पुन्हा थांबल्या. पुलाच्या कठड्यावर दोन्ही तळवे टेकून, खांदे वर ओढून, ओठांचा चंबू करून त्या श्वास सोडत राहिल्या, गरम चहावर फुंकर घालावी तसा. मी घड्याळ पाहिलं. आठला पाच कमी. छातीतला कफ त्यांनी बाटलीत काढला तेव्हा सहा चाळीस झाले होते. दोन तासांच्या आत ती बाटली इस्पितळातल्या खिडकीवर द्यायची होती. म्हणजे पाऊण तास हातात, आणि पूल जवळजवळ सगळाच बाकी.

"निघायचं?" मी विचारलं.

त्यांनी बोट वर केलं. बोट वर म्हणजे गप्प राहा, मोजतेय. तीस पावलं चालायचं आणि वीस श्वास थांबायचं, हा नेम त्यांनीच ठरवला होता. विसावा श्वास सुटला की त्या बोट खाली घेत आणि काही न बोलता चालू लागत.

बस पुलाच्या अलीकडेच थांबली होती. दुरुस्तीसाठी पूल त्याच दिवसापासून गाड्यांना बंद केला होता, माणसांना तेवढा मोकळा. ड्रायव्हर म्हणाला, पायी पलीकडे जा, इस्पितळ तिथून हाकेवर आहे. ज्याचे पाय धड त्याला ते हाकेवर असेल. बाकीचे उतारू भराभर पुढं गेले. काठी टेकत चालणारे एक आजोबा होते, तेही आम्हाला मागं टाकून गेले. वन्सं म्हणाल्या, "बघ, काठीसुद्धा पुढं गेली." एवढ्याशा वाक्यात त्यांना मधे एकदा दम घ्यावा लागला, पण चेष्टा गिळून टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

बाटली त्यांच्याकडेच होती. ऊन लागू नये म्हणून कापडी पिशवीत घातलेली, आणि ती पिशवी छातीशी धरलेली. माझ्याकडं द्या म्हणून बस सोडल्यापासून दोनदा मागितली, दिली नाही. मला वाटलं, हट्टी स्वभाव. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण, लग्न न केलेली, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहणारी. तिचा हट्ट मला काही नवा नव्हता.

वन्संचा आजार जुना. लहानपणी गोवर आला आणि छातीवर उतरला, त्यातून वाचल्या ते नवल असं सासूबाई सांगत. फुप्फुसातल्या नळ्या तेव्हाच सैल झाल्या. जुन्या इलॅस्टिकसारख्या, एकदा ताणल्या त्या ताणल्याच. कफ आत साचतो, वर येत नाही, आणि साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरावं तसे त्यावर जंतू धरतात. हे सगळं आम्हाला कळलं ते फार उशिरा. तोवर त्यांनी एकतीस वर्षं गाद्या-उशांच्या कारखान्यात काढली होती.

लग्नानंतर सहा वर्षं मीही त्या कारखान्यात होते, उशांचे अभ्रे शिवायला. लांबलचक पत्र्याची शेड. खिडकीच्या गजांवर कापसाची लव चढलेली. सकाळी आत जाणाऱ्या काळ्या केसांच्या बायका संध्याकाळी पांढऱ्या केसांच्या होऊन बाहेर पडत, आणि फाटकापाशी एकमेकींच्या डोक्यावरचा कापूस झटकत. वन्संचं काम शेवटचं असे. गादी भरून झाली की तिचं तोंड बंद करायचं, बोटाएवढ्या जाड वाकड्या सुईनं. मुकादम म्हणत असे की हिची शिवण उसवायला चोर आणावा लागेल.

त्यांच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा असायचा. त्या डब्यामुळेच त्यांना सगळ्या कंपाउंडरबाई म्हणत.

डब्यात औषधं होती. कारखान्यात रजा मागितली की मुकादमाच्या कपाळावर आठी, आणि दवाखान्यात गेलं की अर्धा दिवस रांगेत. म्हणून बायकांनी आपली सोय आपण केली होती. कुणाला ताप आला, डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, की उरलेल्या गोळ्या डब्यात. टाकायच्या कशाला? उद्या दुसऱ्या कुणाच्या कामी येतील. 'बरं वाटलं की डब्यात,' हे तिथं नव्या मुलीला पहिल्या आठवड्यातच शिकवलं जाई. वन्सं त्या गोळ्या गादीच्या कापडाच्या तुकड्यात बांधून छोटी पुरचुंडी शिवत, आणि दोऱ्याच्या रंगावरून ओळखत. तापाला लाल दोरा, पोटाला पांढरा, अंगदुखीला निळा. आणि जिथं पिकलंय, पू आहे, हिरवा कफ आहे, तिथं पिवळा. ज्या गोळीनं ज्याला ज्या दुखण्यावर गुण आला, त्या दुखण्याचा दोरा. गोळीचं नाव कुणी वाचत नसे. वाचता आलं असतं तरी कळलं काय असतं?

जेवणाच्या सुट्टीत डब्याभोवती हशा असे. एकीनं विचारलं होतं, कंपाउंडरबाई, नवऱ्याच्या तोंडाळपणावर कुठला दोरा? वन्संनी मान वर न करता आपली वाकडी सुई उचलून दाखवली, गादीचं तोंड शिवायची. महिनाभर ती गोष्ट शेडमध्ये फिरत होती.

मी हे हसण्यावारी लिहिते आहे, पण तेव्हा आम्हाला तो डबा पुण्याचा वाटे. कुणाकडून पै घेतली जात नसे. कुणाची आई, कुणाची जाऊ, कुणाचं तान्हं मूल, सगळ्यांना वन्संनी त्यातून दिलं. रात्री देवाला हात जोडताना मी कितीदा तरी म्हटलं असेन, देवा, असा हात सगळ्यांना दे.

दोन वर्षांपूर्वी वन्संनी काम सोडलं. डबा मागं राहिला, काठमशीनवालीकडं. गादीच्या कडेला पट्टी लावायच्या मशीनवर बसते म्हणून तिला काठमशीनवाली म्हणतात. वन्संची लाडकी. पिवळ्या दोऱ्याच्या पुरचुंड्या मात्र ती अधूनमधून वन्संना घरी आणून देत असे. मला वाटायचं, भेटायला येते.

आणि गेल्या सहा महिन्यांत वन्सं उतरत गेल्या. बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. कफ आधी पिवळा, मग हिरवा, मग त्यात रक्ताची रेघ. छातीच्या डॉक्टरीणबाई, वयानं लहान पण बोलायला ठाम, त्यांनी दोनदा कफाचा नमुना तपासायला पाठवला. जंतू वाढवून बघतात, आणि त्यांच्यावर एकेक औषध घालून बघतात की कुठल्यानं मरतात. दोन्ही वेळा कागद आला, काहीही उगवलं नाही. वन्सं म्हणाल्या, "माझ्या नशिबात शेती नाहीच." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, कागद एक सांगतोय आणि तुमची छाती दुसरंच सांगतेय. तिसऱ्यांदा बघू. याही वेळी काही हाती आलं नाही तर मला अंधारात नेम धरावा लागेल. जी औषधं उरली आहेत ती मूत्रपिंडाला बाधतात, आणि नेम चुकला तर दुसरा धरायला वेळ मिळेल असं नाही.

हे त्यांनी वन्संच्या समोरच सांगितलं होतं. म्हणून तर मी घड्याळाकडं पाहत होते.

सातव्या खांबापाशी आठ एकोणीस झाले. खाली पाणी होतं, वर ऊन चढत होतं, आणि कामगारांनी डांबराची कढई पेटवली होती. त्या धुराची एक पट्टी आमच्याकडं वळली आणि वन्संना खोकला सुटला. तो खोकला ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. ओल्या पोत्याला कुणी आतून ओढतंय असा आवाज. ओठांना निळी झाक आली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर शालीतूनसुद्धा कढ लागत होता. श्वासाचा पंप काढून दिला, त्यांनी दोनदा ओढला. कठड्यालगतच्या दगडावर त्यांना बसवलं. आठ तेवीस.

"वन्सं, बाटली द्या. मी पळत जाऊन देऊन येते. तुम्ही इथंच बसा, मी माणूस घेऊन परत येते."

त्यांनी पिशवी घट्ट धरली. मी या वेळी विचारलं नाही, हातातून काढूनच घेतली. थोरल्या नणंदेच्या हातून मी अशी वस्तू ओढून घेईन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वळले आणि दोन पावलं गेले असेन.

"पळू नकोस," त्या मागून म्हणाल्या. "त्यात काही उगवायचं नाही."

मी थांबले. त्यांनी शालीच्या टोकाची गाठ सोडली आणि तळहात उघडला. गादीच्या कापडाची पुरचुंडी, उसवलेली, आत गोळ्यांची रिकामी पाकिटं. दोरा पिवळा.

दोऱ्याआधी मी टाका ओळखला. शेवटी दोनदा उलटा घालते तो टाका, माझाच. मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या पायाला कामावर जखम झाली. सात दिवसांच्या गोळ्या होत्या. दोन दिवसांत जखम सुकली, दहा गोळ्या उरल्या. मी स्वतः पुरचुंडी शिवून वन्संच्या हातात दिली होती, आणि आपल्या हातून एक चांगलं काम झालं म्हणून त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

"पाच दिवस झाले," वन्सं म्हणाल्या. "काल रात्री संपल्या."

मी विचारलं, मागच्या दोन वेळी? त्यांनी मान हलवली. तेव्हाही.

मग तुकड्या-तुकड्यांनी कळलं. नमुना द्यायच्या आधी ताप चढायचा, आणि अंगात ताप घेऊन आपण इस्पितळापर्यंत पोचणार नाही या भीतीनं त्या पिवळा दोरा सोडायच्या. त्यानं जंतू मरायचे नाहीत, पण बाटलीत तोंड लपवून बसायचे. गोळ्या संपल्या की पुन्हा बाहेर. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वेळा बजावलं होतं की मधे कसलीही गोळी नको, घेतलीच तर सांगा. वन्संनी ऐकलं होतं. सांगितलं नव्हतं.

"का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण कढईपाशी उभ्या माणसानं वळून पाहिलं.

"कुठून आणल्या विचारेल." त्या थांबल्या. श्वास मोजले. "मग डब्यावर येईल. एकतीस वर्षं, वहिनी. कुणाकुणाला दिल्यात मी."

त्यातल्या कितीजणांचं नुकसान झालं असेल, हा पुढचा प्रश्न मला त्यांनी न विचारताच ऐकू आला. त्या पाण्याकडं पाहत बसल्या. मी हातात ती बाटली धरून उभी. जिच्यासाठी मी एका आजारी बाईला तीस-तीस पावलांनी ओढत आणलं होतं, ती बाटली खोटं बोलणार होती. आणि खोटं बोलणारी ती एकटी नव्हती. दोन्ही वेळा खिडकीवरचा फॉर्म मी भरला होता, कारण वन्संचं अक्षर त्यांच्या मते कोंबडीच्या पायांसारखं. त्यात एक प्रश्न असतो, गेल्या चौदा दिवसांत अँटिबायोटिक घेतलं आहे काय. मी दोन्ही वेळा न विचारता 'नाही' लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात.

"फॉर्मवर नाहीच लिही," वन्सं म्हणाल्या, जणू माझ्या मनातलं वाचून. मग हात पुढं केला, मी त्यांना उठवलं, आणि आम्ही आठव्या खांबाकडं निघालो. मी देवाचं नाव घेत होते की खांब मोजत होते, ते मला आज सांगता येणार नाही.

खिडकीवर पोचलो तेव्हा आठ सदतीस झाले होते. आतला माणूस घड्याळ बघून म्हणाला, तीन मिनिटांनी वाचलात. त्यानं फॉर्म सरकवला. वन्सं भिंतीपाशी बाकड्यावर बसल्या होत्या, डोळे मिटून. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, नमुन्याची वेळ लिहिली. मग तो प्रश्न आला. पेन तिथं थांबलं. मागं रांग होती. कुणीतरी म्हणालं, ताई, आटपा.

थोरल्या माणसानं सांगितलेलं मोडायची सवय मला नाही. पण डॉक्टरीणबाईंचे शब्द माझ्या कानात होते, नेम चुकला तर. मी 'हो' लिहिलं. पुढं रकाना होता, किती दिवस. ते मला ठाऊक होतं. तरी मी वळून, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वन्सं, गोळ्या किती दिवस घेतल्या म्हणायच्या?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं इतका वेळ पाहत राहिल्या की खिडकीतला माणूसही पेन टेबलावर आपटायचा थांबला. मग मांडीवरचा हात उचलून त्यांनी पाच बोटं दाखवली, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्या माणसानं आत फोन लावला. दहा मिनिटांत डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. आता रागावतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या, कुठली गोळी, किती घेतल्या, शेवटची कधी. रिकामी पाकिटं मी पुढं केली. कुठून आणल्या ते त्यांनी विचारलं नाही. वन्संच्या बोटाला चिमटा लावून यंत्रावरचा आकडा पाहिला आणि तिथंच चाकाची खुर्ची मागवली.

मग सुरू झाले ते खरे कठीण दिवस. त्या बाटलीचा भरवसा नव्हता, म्हणून वन्संना दाखल करून दोन दिवस कुठलंही जंतूंचं औषध न देता ठेवायचं ठरलं, ऑक्सिजनवर, नजरेखाली. तिसऱ्या सकाळी नवा नमुना. ते दोन दिवस मी पुन्हा जगू शकणार नाही. ताप वर वर जात होता आणि आम्ही तो जाऊ देत होतो. माझा नवरा दारात उभा राहून म्हणाला, माणूस जळतंय आणि तुम्ही बघत बसलात? सिस्टर त्याला समजावत होती. मी त्याच्याकडं बघू शकले नाही, कारण पुरचुंडीचं मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. वन्सं माझ्याशी बोलत नव्हत्या. पाणी दिलं तर घेत, कपाळावर पट्टी ठेवली तर ठेवू देत, पण शब्द नाही.

तिसऱ्या सकाळी त्यांनी बाटलीत कफ काढला आणि बाटली उजेडाकडं धरून म्हणाल्या, "घे. ही खरी आहे." पहिलं वाक्य.

नमुना जाताच अंदाजानं एक औषध शिरेतून सुरू केलं. ताप हलला नाही. दोन दिवसांनी कागद आला. या वेळी उगवलं होतं, भरघोस. डॉक्टरीणबाईंनी कागद आम्हाला दाखवला. एकाखाली एक बारा औषधांची नावं. समोर एकेक अक्षर. एक अक्षर म्हणजे जंतू या औषधाला जुमानत नाहीत, दुसरं म्हणजे अजून घाबरतात. अकरा ठिकाणी जुमानत नाहीत. अंदाजानं सुरू केलेलं औषध त्या अकरांतच होतं. माझ्या नवऱ्याच्या जखमेची गोळी वरून दुसरी, तीही. शेवटून तिसऱ्या ओळीत एकच अक्षर वेगळं होतं.

ते औषध दिवसातून तीनदा, शिरेतून, चौदा दिवस. दिवसाआड रक्त, मूत्रपिंड कसं आहे ते पाहायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही त्या दिवशी खिडकीवर 'नाही' लिहिलं असतंत तर मी याच्याऐवजी दुसरं धरलं असतं. एवढंच बोलून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

पाचव्या दिवशी ताप उतरला. दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर वन्संनी केस विंचरले होते, शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. म्हणाल्या, बरं वाटतंय गं, चल घरी जाऊ. मी वर पाहिलं. खाटेशेजारच्या दांडीवर औषधाची बाटली लटकत होती, अर्धी भरलेली. त्यांची नजर माझ्या नजरेमागून तिथं गेली. बराच वेळ त्या थेंब पडताना बघत राहिल्या.

"बरं वाटलं की डब्यात," त्या हळूच म्हणाल्या, आणि शाल उलगडून पुन्हा पायांवर घेतली.

आठव्या दिवशी रक्ताचा कागद बिघडला. मूत्रपिंड कुरकुरू लागलं होतं. औषध थोडं कमी केलं, पाणी वाढवलं, आणि दोन दिवस वाट पाहायची. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. औषध थांबवावं तर जंतू उठतात, चालू ठेवावं तर मूत्रपिंड बसतं. त्या दोन दिवसांत मी नवऱ्याला पुरचुंडीचं सांगितलं. तो ऐकून घेऊन आपल्या पायावरचा व्रण चोळत बसला. म्हणाला, बरं वाटलं तरी गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या असं मलाही कुणी कधी सांगितलं नव्हतं. दहाव्या दिवशी आकडा जिथल्या तिथं थांबला. खाली आला नाही, पण वरही गेला नाही. मी जिन्यात उभी राहून देवाला हात जोडले.

त्याच संध्याकाळी काठमशीनवाली भेटायला आली. कारखान्यातून थेट, केसांत कापूस तसाच. तिनं शेडमधल्या बातम्या सांगितल्या, नव्या मुकादमाची नक्कल केली, वन्संना हसवलं आणि हसल्यावर खोकला आला म्हणून स्वतःच घाबरली. निघताना मात्र ती खाटेवर वाकली. तिच्या आईला महिनाभर खोकला होता. हिरवा पडतो, अगदी तुमच्यासारखा, म्हणाली. डब्यात पिवळ्या दोऱ्याच्या तीन पुरचुंड्या आहेत, तिन्हींत गोळ्या वेगवेगळ्या दिसतात, कुठली देऊ?

वन्संचा चेहरा मी पाहिला. आठव्या दिवशीचा कागद आला तेव्हाही तो असा झाला नव्हता.

"कुठलीच नको," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात ने."

ती म्हणाली, रजा कुठं आहे? वन्सं पुन्हा म्हणाल्या, नको. कारण सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि दम अडकला. खोकला, सिस्टर, मास्क. काठमशीनवाली भिंतीला टेकून उभी राहिली आणि थोड्या वेळानं न सांगता निघून गेली. जाताना तिच्या तोंडावर जे होतं ते मला कळलं. तिला वाटलं, कंपाउंडरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नाही म्हटलं, आणि ते नेमकं मला.

मी धावत बाहेर गेले, पण ती फाटकाच्या बाहेर पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी जाऊन मी तिच्या आईला दवाखान्यात नेलं. कफाची बाटली दिली, फॉर्मवरच्या प्रश्नाचं उत्तर विचारून लिहिलं. काठमशीनवालीनं मात्र मला वन्संबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

चौदावा दिवस सरला. डॉक्टरीणबाईंनी घरी जायला सांगितलं, पण हातचं राखून. जंतू गेलेले नाहीत, म्हणाल्या, दबलेले आहेत. अशा छातीतून ते पुरते जात नाहीत. कफाचा रंग बदलला की त्याच दिवशी यायचं, बाटली घेऊन. पुढच्या वेळी हेच औषध चालेल की नाही, मी आज सांगू शकत नाही. वन्संनी विचारलं, आणि नाहीच चाललं तर? डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. खोटं बोलल्या नाहीत.

नवरा गाडी बघायला गेला होता. आम्ही दोघी इस्पितळाबाहेरच्या बाकावर बसलो, सामानाची पिशवी मधे. समोर पूल दिसत होता. अजून बंदच होता, माणसं त्यावरून पायी येत होती. वन्संनी त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या की अर्धी शिवून सोडलेली गादी आपण कधी फाटकाबाहेर जाऊ दिली नाही. औषध मात्र एकतीस वर्षं अर्धंच वाटलं, आणि वर गाठ मारून दिली.

मी म्हटलं, तुम्ही चांगल्या मनानं केलंत. देवाला ते ठाऊक आहे.

"देवाला आहे गं. काठमशीनवालीला नाही." श्वास सोडला. "आणि डबा अजून टेबलाखालीच आहे."

मग त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. सुया टोचून टोचून तो हात काळानिळा झाला होता, पण पकड कारखान्यातलीच होती.

"सोमवारी माझ्याबरोबर कारखान्यात चल. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या एका जागी असतात. डबा मी मागून घेणार आहे, आणि सगळ्यांसमोर उघडणार आहे. सुरुवात मी करीन, ती माझीच आहे." त्या थांबल्या. बोट वर केलं. मी त्यांच्याबरोबर मोजत राहिले. वीस झाले तेव्हा बोट खाली आलं. "पण मला एका दमात दोन वाक्यंच येतात. माझा दम जिथं संपेल, तिथून पुढचं तू बोल. आणि माझी बाजू घेऊन बोलू नकोस."